दुसऱ्या ब्रेकवरचा पाय

माझे भावोजी कुठेही बसले तरी त्यांचा उजवा पाय ब्रेक दाबतो. ताईच्या लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी मी चर्चमध्ये त्यांच्या शेजारी बसले होते. पाळकांचा संदेश आधी रंगला, मग लांबला, मग एका उदाहरणावरून दुसऱ्यावर उड्या मारू लागला, आणि भावोजींचा बूट समोरच्या बाकाच्या फळीला हळूहळू रेटायला लागला. पुढच्या बाकावरच्या जाड काकू वळून म्हणाल्या, "अहो, मी जागीच आहे, मला कशाला ढकलता?" भावोजी कानापर्यंत लाल झाले. ताईनं हसू लपवायला स्तोत्रांचं पुस्तक तोंडासमोर धरलं, तेही उलटं.

दोष त्यांचा नाही, धंद्याचा आहे. त्यांचं मोटर ड्रायव्हिंग स्कूल आहे, वडिलांपासून चालत आलेलं. शिकवायच्या गाडीत दोन ब्रेक असतात, एक शिकणाऱ्याच्या पायाखाली आणि एक शेजारच्या सीटवर बसणाऱ्या मास्तरांच्या. शिकणारा चुकला की मास्तरांनी दाबायचा. तरुणपणापासून रोज सकाळ-संध्याकाळ त्या दुसऱ्या ब्रेकवर पाय ठेवून बसलेला माणूस चर्चमध्ये आला म्हणून त्याचा पाय काही देवभोळा होत नाही.

गाडीत भावोजींचं बोलणं ऐकावं. आवाज चढत नाही, घाई नाही. "घाबरू नका, रस्ता कुठे पळून जात नाही. आता क्लच. हळू. बघा, जमलं." असं ते बोलत राहतात आणि समोर ट्रक आला तरी आपल्याला वाटतं, असू दे, होईल काहीतरी. पण हाच माणूस गाडीतून उतरला आणि कुणाच्या समोर उभा राहिला, की खलास. लग्नाची बोलणी करायला आमच्या घरी आले तेव्हा बाबांच्या समोरच्या खुर्चीत बसून त्यांनी सगळ्या प्रश्नांना मिळून दोन वेळा मान हलवली. ते गेल्यावर बाबा म्हणाले, "मुलगा चांगला दिसतो, पण मुका आहे हे आधी सांगायला हवं होतं." ताई म्हणाली, "मुका नाही, मी ऐकलंय." आता तिनं कुठे ऐकलं असणार. लायसन्स हातात पडल्यानंतरही ही बाई गाडी शिकायला जात होती, आणि आईच्या ते केव्हाच लक्षात आलं होतं.

मी ताईची धाकटी बहीण. भावोजी मला 'धाकटे' म्हणूनच हाक मारतात. माझं ब्युटी पार्लर आहे, जीभ चालते, डोकंही बरं चालतं, पण गाडीच्या बाबतीत मी दगड होते. ड्रायव्हिंग मास्तरांची मेहुणी टेस्टमध्ये पुन्हा पुन्हा नापास होते म्हणून लोक त्यांना हसत. कधीतरी एकदाचं लायसन्स मिळालं, पण शेजारी ते बसलेले नसताना मी गाडी फाटकाबाहेर काढत नव्हते. हे पुढे लागणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

तर भावोजी या वयात पदवीच्या मागे लागले, त्याची गोष्ट. त्यांच्याकडे शिकायला येणाऱ्यांत पन्नाशी उलटलेल्या बायका पुष्कळ असतात. त्या हौसेनं आलेल्या नसतात. घरात गाडी असते आणि ती चालवणारा गेलेला असतो. अशाच एक शाळेतल्या बाई यायच्या. शिस्तीच्या, आरसा आधी पुसून मग बसणाऱ्या. एकदा सिग्नलला गाडी उभी असताना त्या समोर बघत म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही चर्चला जाता ना? मग सांगा. माझा नवरा गाडीत बसायच्या आधी रोज प्रार्थना करायचा. त्या दिवशीही केली होती. देव तेव्हा काय करत होता?"

"मग तुम्ही काय सांगितलंत?" ताईनं त्यांना जेवताना विचारलं.

"पहिला गिअर टाका म्हणालो."

"अहो, असं कसं म्हणालात?"

"सिग्नल हिरवा झाला होता. मागचे हॉर्न वाजवत होते." त्यांनी ताट बाजूला सारलं. "हिरवा झाला नसता तरी माझ्याकडे काय होतं सांगायला?"

हे त्यांच्या मनातून गेलं नाही. महिनाभर घुमे राहिले आणि मग एक दिवस ताईला म्हणाले, मी सेमिनरीत नाव घालतोय. सेमिनरी म्हणजे धर्मशिक्षणाचं महाविद्यालय, गावाच्या वरच्या अंगाला, विटांची लांब इमारत आणि पुढे मोठं आवार. तिथे ख्रिस्ती ईश्वरविज्ञान आणि धर्मांचा अभ्यास अशी पदव्युत्तर पदवी देतात. तरुणपणी घेतलेली इतिहासाची एक पदवी भावोजींच्या कपाटात होती, तिच्यावर प्रवेश मिळाला. वर्गातली बाकीची मुलं त्यांची मुलं शोभतील अशा वयाची. पहिल्या दिवशी ते दारातून आत आले तेव्हा सगळा वर्ग उभा राहिला, प्राध्यापक आले असं समजून. भावोजीही उभेच राहिले, कारण त्यांनाही वाटलं की मागून कुणीतरी आलं असेल.

अभ्यास त्यांनी गाडीत केला, दुसरीकडे वेळ कुठून आणणार. ग्रीक अक्षरांच्या चिठ्ठ्या डॅशबोर्डवर चिकटवल्या. शिकणाऱ्यांना गिअर पाठ होण्याआधी अक्षरं पाठ व्हायची. एका केमिस्टनं टेस्ट देताना इन्स्पेक्टरला विचारलं, तुमच्या गाडीत ओमेगा कुठे लावलाय? इतर धर्मांचा पेपर होता, त्याची तर घरबसल्या, म्हणजे गाडीबसल्या, सोय झाली. सगळ्या धर्मांची माणसं क्लच सोडताना सारखीच घाबरतात, आणि घाबरलेला माणूस खरं बोलतो. तुम्ही प्रार्थना कशी करता, मेलेल्या माणसाबद्दल तुमच्यात काय मानतात, असं ते विचारायचे आणि लोक स्टिअरिंग घट्ट धरून मनापासून सांगायचे. लेखी परीक्षांत त्यांना उत्तम गुण मिळाले. ताई ते गुण मंडळीत असे सांगायची, जसं काही नवऱ्यानं पोहून समुद्र ओलांडलाय.

शेवटी प्रबंध. त्यांनी बायबलमधल्या शुभवर्तमानातली एक गोष्ट घेतली. प्रभूला क्रूसावर मारलंय, सगळं संपलंय, आणि दोन शिष्य हिरमुसले होऊन शहर सोडून आपल्या गावाच्या वाटेला लागलेत. मागून एक अनोळखी माणूस येऊन त्यांच्या बरोबरीनं चालू लागतो. तो मरणातून उठलेला येशूच असतो, पण ते त्याला ओळखत नाहीत. तो विचारतो, काय बोलत चाललाय? मग वाटभर तो त्यांना शास्त्र समजावत जातो. गाव आल्यावर ते त्याला थांबवून घेतात, जेवायला बसतात, तो भाकर मोडून देतो, आणि त्या क्षणी ते त्याला ओळखतात. ओळखतात तेवढ्यात तो दिसेनासा होतो. भावोजींच्या प्रबंधाचा मुद्दा असा की, दुःखी माणसाला समोर उभं राहून शिकवता येत नाही, त्याच्या शेजारून चालत शिकवावं लागतं. प्रबंध त्यांच्या मार्गदर्शक बाईंना आवडला. बाई विद्वान, केस पांढरेशुभ्र, बोलणं तोलून मापून. त्या म्हणाल्या, लिहिलंय छान, आता तोंडी परीक्षा द्या.

तोंडी परीक्षा म्हणजे उघडी सभा असते. कुणीही मागे येऊन बसावं. पुढे टेबल, टेबलाच्या एका बाजूला परीक्षक, दुसऱ्या बाजूला विद्यार्थी. कागद बघून वाचायचं नाही. पहिल्यांदा जमलं नाही तर पुढच्या सत्रात पुन्हा संधी मिळते, पण तीच शेवटची. त्यातही नाही जमलं तर पदवी नाही, लेखी गुण कितीही असोत. ताई आणि मी ठेवणीतल्या साड्या नेसून मागच्या रांगेत बसलो. भावोजींना समोर बसलेलं बघितलं आणि मला बाबांची बैठक आठवली.

बाहेरून आलेले परीक्षक किडकिडीत, चष्मेवाले, भराभर बोलणारे होते. माणूस वाईट नव्हता, पण त्यांचे प्रश्न एका वेगानं यायचे, मध्ये थांबा नाही. ते म्हणाले, "तुमचा सगळा भर वाटेवर आहे. पण वाटेवर त्यांनी त्याला ओळखलंच नाही. ओळखलं ते जेवणाच्या टेबलावर, समोरासमोर बसल्यावर. मग तुमच्या शेजारून चालण्याचा उपयोग काय झाला? त्या टेबलाबद्दल तुमच्या प्रबंधात एक अख्खं पानही नाही. का नाही?" आणि पुढे झुकून भावोजींच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. भावोजींचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. मी खाली बघितलं. त्यांचा उजवा पाय निघाला होता.

टेबल घडीचं होतं. त्याच्या पायांमध्ये एक आडवी पट्टी असते, ती दाबली की पाय मिटतात. भावोजींनी ती अशी दाबली, जसा काही समोर ट्रक आलाय. टेबल परीक्षकांच्या बाजूनं शांतपणे खाली बसलं, आणि पाण्याचा जग, पेला, प्रबंध सगळं घसरत त्यांच्या मांडीत गेलं. त्या संपूर्ण परीक्षेत भावोजी एकच शब्द बोलले, तो म्हणजे "सॉरी". निकाल सांगायची गरजच नव्हती.

घरी आल्यावर त्यांनी सेमिनरीची पुस्तकं गोळा करून गाडीच्या डिकीत ठेवली. "परत करून येतो. झालं तेवढं पुरे. माझं काम गाडी शिकवायचं, ते करतो."

ताई सहसा वाद घालत नाही. ती कपड्यांच्या घड्या घालत म्हणाली, "करा परत. उद्या पुन्हा कुणी सिग्नलवर विचारलं, की सांगा पहिला गिअर टाका." घडी घातलेला शर्ट तिनं त्यांच्या हातात दिला आणि आत निघून गेली. पुस्तकं डिकीतच राहिली, परतही गेली नाहीत आणि घरातही आली नाहीत.

पार्लर बंद असतं त्या दिवशी मी भावोजींचे केस कापते. त्या आठवड्यात ते आले, खुर्चीत बसले, मी मागे उभी राहून कात्री चालवू लागले. आरशात बघत मी सहज विचारलं, "त्या टेबलाचं काय उत्तर होतं हो?" आणि हा माणूस बोलायला लागला. तो अनोळखी माणूस आधी प्रश्न का विचारतो, त्या दोघांना मनातलं सगळं ओकू का देतो, आणि स्वतः त्यानंतरच तोंड का उघडतो. इतकं सुंदर, इतकं सरळ, की माझी कात्री थांबली. मिशा सारख्या करायला मी पुढे आले, तर बोलणं बंद. मला वाटलं मिशीला कात्री लागेल म्हणून गप्प झाले असतील. मागे गेले, पुन्हा सुरू. मग मी मुद्दाम पुढे आले. बंद. मागे गेले. सुरू.

"भावोजी," मी म्हटलं, "तुमचं बटण सापडलं मला. तुम्हाला चेहरा समोर आला की बोलता येत नाही."

त्यांनी आरशातल्या माझ्यावरची नजर आरशाच्या चौकटीकडे नेली. मग म्हणाले, "चेहरा समोर आला की, असं नाही, धाकटे. माझा चेहरा कुणी बघायला लागलं की. शिकणाऱ्याला माझा चेहरा दिसता कामा नये. दिसला तर त्याला कळतं की मीही घाबरलोय. मग तो गाडी सोडून देतो. माझ्या बाबांनी मला पहिली गोष्ट हीच शिकवली, तोंड रस्त्याकडे ठेव. आता कुणी टक लावून बघितलं की वाटतं, ह्याला कळलं."

मला त्यांची फार माया आली. इतकी वर्षं मी ह्या माणसाला घुम्या, मुखदुर्बळ म्हणून चिडवत होते, आणि ते रोज आमच्यासारख्या दगडांच्या शेजारी बसून मनातली भीती एकट्यानं गिळत होते. पण माया आली तरी तोंड गप्प बसत नाही माझं. "हे जाऊन तुमच्या मार्गदर्शक बाईंना सांगा," मी म्हटलं. ते म्हणाले, "कसं सांगू? त्या समोर बसणार."

तरी मी त्यांना सेमिनरीत नेलंच, म्हणजे मी चालवत होते आणि ते शेजारी. आवारात शिरलो तर बाईंची छोटी गाडी भिंत आणि खांब यांच्यामध्ये अडकलेली. बाई पुढे येत होत्या, मागे जात होत्या, आणि प्रत्येक वेळी आणखी तिरक्या होत होत्या. भावोजी उतरले, काही न विचारता त्यांच्या शेजारचं दार उघडून आत बसले. मी मागच्या सीटवर घुसले. असली मजा मी सोडत नाही.

"आता माझ्याकडे बघू नका," ते म्हणाले. "मागच्या काचेतून बघा. रस्ता कुठे पळून जात नाही." त्यांचा पाय सवयीनं पुढे गेला आणि नुसत्या चटईवर आपटला. त्या गाडीत दुसरा ब्रेक नव्हता. मी मागून बघत होते, त्यांच्या मानेवर घाम आला. पण आवाज तसाच राहिला. "हळू सोडा. आणखी थोडं. बघा, जमलं."

गाडी सुटली. बाईंना एवढा आनंद झाला की त्या आवारात मागे मागे फेऱ्याच घालायला लागल्या. आणि त्या फेऱ्यांत त्यांनी वाटेबद्दल विचारलं, शिष्यांबद्दल विचारलं, भावोजींनी एकेकाचं उत्तर दिलं. शेवटी बाईंनी गाडी थांबवली. "हे सगळं त्या दिवशी का नाही बोललात?"

भावोजींनी समोरच्या काचेकडे बघत सगळं सांगितलं. चेहऱ्याचं, त्यांच्या बाबांच्या शिकवणीचं, घडीच्या टेबलाचं. बाई हसल्या नाहीत.

"टेबल असलंच पाहिजे असा काही नियम नाही," त्या म्हणाल्या. "खुर्च्या मी लावते, माझ्या पद्धतीनं. पण एक सांगून ठेवते. परीक्षक तेच येणार आहेत आणि तो प्रश्न ते पुन्हा विचारणार. तो प्रश्न खरा आहे. त्याचं उत्तर अजून तुमच्याकडे नाही, आणि ते मी देणार नाही."

पुस्तकं डिकीतून घरात आली. ताईनं ती पुसून कपाटात लावली, एक शब्द न बोलता. पुढचं सगळं सत्र भावोजी त्या टेबलापाशी अडकून पडले होते. कधी म्हणायचे, ते टेबल गौण आहे. कधी म्हणायचे, मीच चुकलोय, प्रबंधच फाडला पाहिजे. शिकवताना मात्र पूर्वीसारखेच.

शेवटच्या संधीच्या दिवशी आम्ही खोलीत शिरलो आणि थबकलो. बाईंनी सगळ्या खुर्च्या खिडकीकडे तोंड करून लावल्या होत्या. पुढच्या रांगेत दोनच, एकमेकींना लागून, आणि मागे बाकीच्या ओळीनं. टेबल कुठेच नव्हतं. परीक्षक आत आले, खुर्च्यांकडे बघितलं, आणि म्हणाले, "ही बस कुठे जाते?" सगळे हसले. ते पुढच्या एका खुर्चीत बसले, भावोजी दुसऱ्या. खिडकीतून आवार दिसत होतं, आणि आवारात नेहमीपेक्षा बऱ्याच जास्त गाड्या उभ्या होत्या. मी मागे वळून बघितलं. केमिस्ट आला होता. आणखी कितीतरी चेहरे ओळखीचे, सगळे कधी ना कधी त्या दोन ब्रेकच्या गाडीत घाम गाळलेले. दाराजवळ शाळेतल्या बाई बसल्या होत्या, मांडीवर पर्स, हातात गाडीची किल्ली.

भावोजी खिडकीकडे बघत बोलू लागले आणि खोली शांत झाली. परीक्षकही नकळत समोर बघतच प्रश्न विचारू लागले, त्यांचा वेग उतरला. दोन माणसं कुठेतरी निघाली आहेत आणि वाटेत बोलताहेत असंच वाटत होतं. ताईनं माझा हात धरला होता, तिची पकड जरा सैल झाली. मग परीक्षक थांबले, चष्मा पुसला, आणि म्हणाले, "आता माझा जुना प्रश्न. वाटेवर त्यांनी त्याला ओळखलं नाही. ओळखलं समोर बसल्यावर. तुमचा शेजारून चालणारा गुरू इथे अपुरा पडला की नाही?"

ताईची नखं माझ्या हातात रुतली. मी त्यांच्या पायाकडे बघितलं. उजवा बूट टाचेवर उचलला गेला, तसाच थांबला. मग तो बूट सावकाश खाली आला आणि फरशीवर सपाट टेकला.

भावोजी उठले. त्यांनी आपली खुर्ची उचलली, खिडकीकडे पाठ करून परीक्षकांच्या बरोबर समोर मांडली, इतकी जवळ की दोघांचे गुडघे लागावेत, आणि बसले. आता परीक्षक त्यांच्या समोर होते, त्यांच्यामागे बाई, आम्ही, केमिस्ट, शाळेतल्या बाई, सगळी खोली. सगळे त्यांचा चेहरा बघत होतो. तो चेहरा घाबरलेलाच होता. त्यांनी तो वळवला नाही.

"हो, अपुरा पडला," ते म्हणाले. आवाज गाडीतला होता. "मी घाबरत होतो म्हणून टेबल टाळलं. नुसतं शेजारून चालणं पुरत नाही, शेवटी समोर बसावंच लागतं. आपला चेहरा बघू द्यावा लागतो. पण ते आधी करून चालत नाही. त्या दोघांना वाटेत आधी बोलून मोकळं व्हायचं होतं, रडायचं होतं. शेजारी कुणीतरी चाललंय एवढंच त्यांना पेलणार होतं. तो समोर बसला, पण वाट संपल्यावर."

"बरं," परीक्षक म्हणाले. "पण मग ओळखल्याबरोबर तो दिसेनासा का झाला? समोर बसणं इतकं महत्त्वाचं, तर बसून का राहिला नाही?"

भावोजींनी परीक्षकांवरून नजर उचलून मागे बघितलं. त्यांची नजर दाराजवळ थांबली.

"माझ्या धंद्यात एक दिवस असतो," ते म्हणाले. "टेस्टचा. त्या दिवशी मी गाडीत बसत नाही. शेजारची सीट रिकामी दिसली की माणूस घाबरतो. पण मी बसून राहिलो तर तो कधीच चालवणार नाही. ते दोघं त्याच घटकेला उठले आणि ज्या वाटेनं रडत आले होते, त्याच वाटेनं अंधारात परत गेले. एकटे. तो दिसेनासा झाला, कारण आता त्यांना चालता येत होतं." ते दाराकडेच बघत होते. "एका बाईंनी मला सिग्नलवर विचारलं होतं, देव तेव्हा काय करत होता. मी त्यांना पहिला गिअर टाका म्हणालो. त्याचं उत्तर मला आजही येत नाही. इतका अभ्यास करूनही नाही. पण तेव्हा मला लाज वाटली होती की मी नुसता शेजारी बसून राहिलो. आज वाटत नाही."

शाळेतल्या बाईंनी किल्ली मुठीत घट्ट धरली आणि मान डोलावली, एकदाच, शाळेत बरोबर उत्तराला डोलावतात तशी.

परीक्षक म्हणाले, "हे तुमच्या प्रबंधात नाही."

"नाही. आत्ता खुर्ची उचलताना सुचलं."

"मग लिहा," परीक्षक म्हणाले, आणि पुढे होऊन त्यांनी भावोजींचा हात हातात घेतला. "शेवटचं प्रकरण म्हणून जोडा. बाई, माझ्याकडून उत्तीर्ण. आणि ह्या खुर्च्या अशाच राहू द्या, माझी पाठ पहिल्यांदाच दुखली नाही."

ताई रडली. मीही रडले, लपवण्यात काय अर्थ आहे. पाळक, मार्गदर्शक बाई, वर्गातली ती कोवळी मुलं, सगळे त्यांच्याभोवती जमले, आणि भावोजी प्रत्येकाच्या तोंडाकडे बघून बोलत होते. अडखळत होते, पण बोलत होते. बाहेर आलो तर आवारातल्या एका गाडीनं हॉर्न वाजवला. मग दुसरीनं. मग सगळ्याच वाजवायला लागल्या, त्यात शाळेतल्या बाईंचा सगळ्यात मोठा. भावोजी पायरीवर उभे राहून म्हणाले, "विनाकारण हॉर्न वाजवू नये, किती वेळा सांगितलंय," पण त्यांच्या तोंडभर हसू होतं आणि ते कुणालाच ऐकू गेलं नाही.

आमच्या गाडीपाशी आल्यावर त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. मी चालकाच्या जागी बसले आणि शेजारचं दार उघडायची वाट बघू लागले. ते दार उघडलंच नाही. भावोजी ताईबरोबर मागे बसले होते.

"भावोजी, पुढे या," मी म्हटलं. "मला नाही जमायचं."

"मी पास झालो आज," ते म्हणाले. "आता तुझी पाळी."

शेजारची सीट रिकामी होती. तिच्यासमोरचा तो दुसरा ब्रेक नुसताच होता, त्यावर कुणाचा पाय नव्हता. मी आरसा नीट केला, क्लच दाबला, पहिला गिअर टाकला. फाटकातून बाहेर पडले, उतार उतरले, चौकात सिग्नलला थांबले, हिरवा झाल्यावर निघाले, आणि घरापर्यंत मागून एकदाही आवाज आला नाही. आमच्या दारात गाडी लावून मी वळून बघितलं, तर ताईच्या खांद्यावर डोकं ठेवून भावोजी गाढ झोपले होते, दोन्ही पाय सैल सोडून.